भाववाढीचा नवस

महागाई वाढू दे म्हणून देवाला नवस बोललेली बाई अख्ख्या मावळात मी एकटीच असेन. लोक गॅसच्या टाकीचा भाव ऐकून कपाळाला हात लावतात. मी बोटीचा भाव वाढला की देवापुढं साखर ठेवायचे. हसायचं तर हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

माझं माहेर कामशेतचं. वडिलांचं, बाजीरावांचं, बाजारात तांदळाचं दुकान आहे. इंद्रायणीचा भाव चढला की आमच्या घरात शिरा व्हायचा, आणि उतरला की वडील उगाच आईवर डाफरायचे. भाव चढला की कुणाचं तरी भलं होतं, हे मी लहानपणापासून बघत आलेली. लग्न होऊन पवनेच्या काठाला आले तेव्हा तीच अक्कल बरोबर घेऊन आले.

आमच्या सासरचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा माणसं वर चढली, भैरोबा खाली राहिला. मे महिन्यात पाणी उतरलं की देऊळ उघडं पडतं. मग सगळे खाली जातात, गाळ काढतात, शेंदूर लावतात आणि कळसाला दोरखंड बांधतात. दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला रिकामा निळा ड्रम, ड्रमात बांबू आणि बांबूला भगवं निशाण. पावसाळ्यात पाणी चढतं, देऊळ बुडतं, ड्रम वर तरंगतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोक त्या निशाणालाच हात जोडतात. धरण काठोकाठ भरलं तरी कळस पाण्याखाली जेमतेम हातभर असतो. नावाडी दत्तोबांची वल्ह्याची नाव त्याच्यावरून अलगद निघून जाते. पण इंजिनाच्या बोटीचा पंखा खाली लोंबतो, म्हणून आमच्या कॅम्पवर एकच पक्का नियम होता. परत येताना निशाणाच्या बाहेरून, खोल पाण्याच्या अंगानं यायचं. निशाणाच्या बाहेर पाणी, निशाणाखाली देव.

नियम निलेशनंच घातलेला. निलेश म्हणजे माझा नवरा. मी त्याला नावानं हाक मारते म्हणून सासू आधी नाक मुरडायची, मग तिला सवय झाली. काठावर आमचे तंबू आहेत. पुण्या-मुंबईची माणसं शनिवारी येतात, शेकोटी पेटवतात, चुलीवरचं मटण मागतात आणि रविवारी घाण टाकून जातात. धंदा बरा चालला होता. निलेश माणूस म्हणून सोनं, फक्त त्याच्या अंगात वेग होता. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी कुरवंड्याच्या रस्त्याला बुलेट घेऊन उडाला. मांडीत रॉड घातला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर गाडी कशी आहे. मी कशी आहे ते नाही विचारलं. तेव्हापासून हा माणूस कशावर बसला की तो उतरेपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही.

तर अशा माणसाला बोटीचं वेड लागलं. एका मुंबईच्या पाहुण्यानं त्याला समुद्रात फिरवून आणला, तिथून सगळं सुरू झालं. घरी आला तो ताप भरलेल्या माणसासारखा. म्हणे, ही साधी स्पीड बोट नाही रेणुका, ही परफॉर्मन्स बोट. मी म्हटलं, परफॉर्मन्स म्हणजे काय, ती लावणीला उभी राहणार आहे का? त्याला हसू आलं नाही. वरच्या माळाचा तुकडा आम्ही पुण्याच्या एका डॉक्टरला विकला होता, ते पैसे बँकेत पडून होते. बोटीचा भाव आणि ते पैसे जवळपास सारखेच निघाले. मी रात्रंदिवस भांडले. त्याचं उत्तर ठरलेलं, हौसेला मोल नसतं.

भांडून उपयोग नाही म्हटल्यावर मी देवाकडं गेले. एका रविवारी दत्तोबांच्या नावेतून निशाणापाशी गेले, नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडले. भैरोबा, मी म्हटलं, याचं मन वळव असं मी म्हणत नाही, ते तुझ्याच्यानं होणार नाही. तू फक्त त्या बोटीचा भाव वाढव. याच्या आवाक्याबाहेर गेला पाहिजे. मला नवरा हवाय, बोट नको. एवढं केलंस तर तुला नवं निशाण चढवीन.

दत्तोबा पाठमोरे बसून वल्हं मारत होते. ते सत्तरीचे असतील, पण कान शाबूत आहेत. परतताना म्हणाले की देवाला भाव सांगू नये. मी म्हटलं, दत्तोबा, सगळं जग देवाला भावच सांगतं, मी उलटा सांगितला एवढंच.

घरी येऊन आत्याबाईंना, म्हणजे सासूला, सांगितलं. अंबूबाई हे त्यांचं नाव. मला वाटलं खूश होतील, कारण त्यांनाही बोट नकोच होती. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला.

"देवाकडं कमी व्हऊ दे म्हनून मागावं," त्या म्हणाल्या. "वाढू दे म्हनून मागू न्हाई. त्यो वाढवाया लागला की कुटं थांबायचं ते त्याला कळत न्हाई."

पण देव ऐकत होता. महिन्याभरात मुंबईच्या डीलरचा फोन आला, रुपया घसरला म्हणून किंमत बदलली. निलेशनं नाक मुरडलं आणि कॅम्पची जुनी जीप विकली. मग इंजिनाच्या कंपनीनं स्वतःचे दर वाढवले, ते वेगळेच. मग जहाजाचं भाडं. मग कस्टम, आणि त्याच्यावर पुन्हा जीएसटी. निलेश फरक भरून काढायचा, आणि हातात येईपर्यंत भाव आणखी एक पाऊल पुढं गेलेला असायचा. फोन आला की तो अंगणात जाऊन बोलायचा आणि आम्ही सासूसुना स्वयंपाकघरात कान लावून बसायचो. त्याचा आवाज पडला की मी डब्यातली चिमूटभर साखर भैरोबाच्या तसबिरीपुढं ठेवायचे. आधी कुरकुरणाऱ्या आत्याबाईही पुढं पुढं पदराआड हसायला लागल्या. लग्नानंतर आमचं दोघींचं इतकं गुळपीठ कधी जमलं नव्हतं.

एवढ्या पटापट देव ऐकायला लागला की माणसानं खरं तर घाबरायला पाहिजे. मला तेव्हा ते सुचलं नाही.

दसऱ्याच्या आसपास शेवटचा फोन आला. भाव पहिल्याच्या दीडपटीच्या वर गेला होता. त्या दिवशी निलेश जेवला नाही. तंबूच्या खुंट्या ठोकत बसला, ज्या ठोकायची काही गरज नव्हती. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण आतून इतकी हलकी झाले होते की भाकरी थापताना गाणं गुणगुणत होते. म्हटलं, सुटलो. आता निशाणाचं कापड आणायचं.

कापड आणायच्या आधीच इर्शाद आला. कामशेतला त्याचं गॅरेज आहे, काठावरच्या सगळ्या कॅम्पवाल्यांची बोटीची इंजिनं तोच बघतो. निलेशचा शाळेपासूनचा दोस्त, मला वहिनी म्हणतो, माझ्या हातची खीर मागून खातो. दोघं एका माळेचे मणी. त्यानं बातमी आणली की खाली कोकणात एका शेठजीची जुनी रेसची बोट ताडपत्रीखाली पडून आहे. नव्या बोटी एवढ्या महाग झाल्यात की शहाणी माणसं आता जुनी बॉडी घेतात आणि मागं नवं इंजिन टाकतात, निम्म्या पैशात काम होतं. आणि इंजिन मूळच्यापेक्षा मोठं टाकलं तर नव्या बोटीलाही मागं टाकील. हे सगळं तो माझी खीर खाता खाता सांगत होता.

मी चुलीपाशी उभी होते. म्हणजे भाव वाढला नसता तर निदान नवी, धड, कंपनीची बोट आली असती. मी मागून मागून आगीतून फुफाट्यात उडी घेतली होती.

त्या रात्रीचं भांडण सांगण्यासारखं नाही. नको ते मी बोलले, आणि तोही बोलला. सकाळी निघताना मात्र तो शांत होता. इर्शाद गाडीत बसला होता. निलेश दारात आला आणि म्हणाला, "बोट घेऊन येईन तेव्हा ओवाळायला काठावर येशील ना?"

"त्या बोटीला ओवाळायला उभी राहिले तर समज मला वेड लागलंय," मी म्हटलं.

"बरं, ताट नको आणू. नुसती उभी रहा. मला कळेल राग गेला म्हणून."

मी आत निघून गेले. तो गेल्यावर पिशवी भरली आणि माहेरी कामशेतला गेले. जाताना आत्याबाईंना सांगितलं की तुमच्या भैरोबानं मला फसवलंय, निशाणबिशाण काही मिळायचं नाही त्याला.

महिनाभर मी वडिलांच्या दुकानात बसले. निलेशचे फोन यायचे, मी उचलायचे नाही. मग त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. इंजिन बसलं. रंग दिला. चाचणी झाली, इर्शादला उलटी झाली. शेवटचा आला तो असा, उद्या सकाळी पलीकडच्या काठाला ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडतोय, ऊन पडायच्या आत घरी येतो. आवाजात इतका आनंद होता की मी तो तीनदा ऐकला. आई म्हणाली, पुरे आता, जा घरी. पहाटेच वडिलांनी टेम्पोत बसवून दिलं.

घरी पोचले तेव्हा धरणावर दाट धुकं होतं. दिवाळीनंतर असतंच. आत्याबाई अंगणात बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, आलीस ते बरं झालं, तुझा नवस मी फेडला. मला आधी कळेचना. त्या म्हणाल्या की भैरोबानं त्याचं काम चोख केलं, भाव आवाक्याबाहेर नेला. पोरानं दुसरी वाट काढली त्यात देवाचा काय दोष? आणि आता घरात असली बोट येणार, अशा वेळी देवाचा नवस अंगावर ठेवायचा का? म्हणून त्यांनी स्वतः कापड आणून निशाण शिवलं.

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, या गुडघ्यांनी तुम्ही नावेत चढलात कशा?

"कुटं चढतीया," आत्याबाई म्हणाल्या. "दत्तोबाला म्हनलं, डरम सोड आन् हितं काठाजवळ आनून बांध. जुनं फाटलेलं निशान पान्यात सोडलं, नवं चढिवलं. गुडघाभर पान्यात हुबी ऱ्हाऊन हळदकुंकू व्हायलं. देवाला म्हनलं, मला काय येवत न्हाई, आता तूच ये चार पावलं अलीकडं."

आमच्याकडं हे नवीन नाही. म्हाताऱ्या भक्तासाठी देव डोंगर उतरून पायथ्याला आल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. कुणाची आजी असं काही बोलली की सगळ्यांना कौतुकच वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. मग मी पाण्याकडं बघितलं.

धुक्यातून ड्रम दिसत होता. काठापासून हाकेच्या अंतरावरही नाही, त्याच्याही अलीकडं. नवंकोरं निशाण, अगदी ठळक. आणि बाहेर, जिथं देऊळ आहे तिथं, नुसतं सपाट पाणी. निशाणाच्या बाहेरून यायचं हा नियम. या निशाणाच्या बाहेरून जो येईल तो सरळ कळसावर येणार होता.

मी विचारलं, निलेशला कळवलंय का? त्या म्हणाल्या, त्यात काय कळवायचं, त्याला देऊळ कुटंय ते म्हाईत न्हाई व्हय? तेवढ्यात पलीकडून आवाज आला. आधी बारीक, मग एकदम भरदार. असा आवाज आमच्या पाण्यानं कधी ऐकला नव्हता. काठावरचे बगळे सगळे एकदम उठले.

मी फोन लावला. वाजत राहिला. त्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? फोन फेकला आणि उतारावरून पळत सुटले. चप्पल कुठं गेली कळलं नाही. डोक्यात एकच विचार, हे निशाण इथून काढायचं. निशाण दिसलं नाही तर तो थांबेल. निशाण दिसेपर्यंत वेग कमी ठेवायचा, हे तोच कॅम्पवरच्या पोरांना शिकवायचा. पाण्यात शिरले, कमरेपर्यंत गेले, ड्रमला मिठी मारली आणि बांबू ओढून काढला. देवाचं निशाण उपटताना हात जराही कचरला नाही.

बांबू हातात आला आणि धुकं फाटून बोट दिसली. पांढरी होती, नाक वर केलेली. ती मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू येत होती. मला वाटलं, देवा, ऐकलंस. पण थांबली नव्हती, येतच होती. मग मी ते निशाण दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायला लागले. मागं जा, मागं जा, असं ओरडत होते. घसा फाटेपर्यंत ओरडले. बोटीतून निलेशनं हात वर केलेला मला स्पष्ट दिसला.

आणि आवाज वाढला.

पुढचं मी बघितलं, पण ते सांगणार नाही. मोठा दणका असा ऐकू आला नाही, दगडावर कोयता घासल्यासारखा आवाज झाला आणि बोट उलटी होऊन पडली. मग इतकी शांतता झाली की काठावर आत्याबाई मला हाका मारतायत तेही ऐकू आलं. दत्तोबा नाव घेऊन निघाले होते. इर्शाद लाईफ जॅकेटमुळं वर तरंगला. निलेशनं जॅकेट घातलं नव्हतं, आणि घातलं असतं तरी उपयोग झाला नसता असं डॉक्टर म्हणाले.

दिवस झाले, पाहुणे गेले. पैसा काय कामाला आला, हौसेला मोल असतं बरं का, असं ज्यांना म्हणायचं होतं ते म्हणून गेले. आत्याबाई तेव्हापासून बोलत नाहीत, नुसत्या गुडघ्यांवर हात ठेवून पाण्याकडं तोंड करून बसतात. मी त्यांना दोष दिला नाही. कसा देणार? भाव वाढव म्हणणारी मी, आणि अलीकडं ये म्हणणाऱ्या त्या. देवानं दोघींचं ऐकलं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. बोट हळू येत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग त्यानं वेग का वाढवला? इर्शाद हाताला प्लास्टर घेऊन भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो आधी सांगायलाच तयार नव्हता. वहिनी, नका विचारू, म्हणाला. मी म्हटलं, सांगितल्याशिवाय या घरातून उठायचं नाही.

मग त्यानं सांगितलं. लांबून निशाण दिसलं तेव्हा निलेशला ते खटकलं होतं. निशाण काठाला चिकटल्यासारखं का दिसतंय, म्हणाला आणि त्यानं वेगाचा लिव्हर मागं घेतला. थांबायच्याच बेतात होता. तेवढ्यात निशाण हलायला लागलं आणि खाली मी दिसले.

"तो मोठ्यानं हसला," इर्शाद म्हणाला. "म्हणाला, अरे, हे देवाचं निशाण नाही, ही आमची रेणुका आहे. देवाचं अजून धुक्यात असेल कुठं तरी. बघ, ताट आणणार नव्हती, निशाण घेऊन आली. गेला तिचा राग. आणि त्यानं लिव्हर पुढं ढकलला."

मी इर्शादला खीर दिली. त्याला डाव्या हातानं खाता येईना, म्हणून वाटी धरून बसले.

निलेशचं चुकलं नव्हतं हो. राग खरंच गेला होता. उतारावरून पळत येतानाच गेला होता.